उधाणाची जागा

वेंगुर्ल्यात लाईट सांगून जात नाही.
पंप गप्प होतो, आणि वरच्या टाकीतलं पाणी
मुकाट खालच्या टाकीत उतरायला लागतं.

पहिल्यांदा लादीभर खारं पाणी,
तांदळाच्या पिंपाला ओल.
हेमांगी म्हणाली, "भायर दर्यो थोडो आसा काय?"

मग वहीच्या पाठीवर हिशेब:
चार फूट लांब, दीड फूट रुंद,
दोन इंच पाणी उतरणार,
म्हणजे अठ्ठावीस लिटर. नळ्यांतलं धरून तीस.
खाली तेवढी जागा रिकामी हवी.
काचेवर रेघ मारली, तिच्याच नेलपॉलिशची:
पंप चालू असताना पाणी याच्या वर नको.

परतीच्या नळीला पाण्याच्या जेमतेम खाली भोक पाडलं,
हवा शिरावी, ओढ तुटावी म्हणून.
परवा त्यात एक गोगलगाय बसलेली.
दुसरं पाडलं.

बाबी तांडेल वाकून बघून गेले.
"व्हडी उधाणाच्या रेघेवर वडतंव,
तसांच मां ह्यां?"
तसंच.

रात्री मेन स्विच खाली ओढला.
बॅटरी घेऊन उकिडवा बसलो.
पाणी रेघ ओलांडून चढत गेलं,
चढत गेलं,
काठाला दोन बोटं ठेवून थांबलं.

पंखा थांबला तशी आतून हेमांगी:
"गेली?"
"नाय. घालवली."