मधलं पाणी

तवसाळच्या जेटीवर मथुरीआत्या
फेरीबोटीकडे पाठ करून बसते.
येणारी बोट तिला दिसत नाही.
जयगडच्या धक्क्याला असते,
मग खाडीच्या मध्यावर असते,
मग एकदम पुढ्यात, फळी खाली पडलेली, गाड्या बाहेर.
मधलं पाणी कुणीतरी कापून नेलेलं.

झटका आला तो आषाढात. हातपाय वाचले.
डॉक्टर मुजावर म्हणाले, डोळे शाबूत आहेत,
पण बघणं घडतं ते मागे, मानेच्या वर.
तिथे रंगाचं घर निराळं, आकाराचं निराळं,
आणि जे हलतं ते ओळखणाऱ्या पेशींची एक वाडीच:
एकीला डावीकडे जाणारं कळतं,
शेजारणीला उजवीकडे जाणारंच.
ती वाडी विझलीय, दोन्ही अंगांना.
"माकडाच्या डोक्यातही हीच वाडी.
त्यांच्याकडूनच कळलं आम्हाला."
आत्या भडकली.
माकडांनी तिचे सहा फणस खाल्लेत
आणि पडवळाचा अख्खा वेल.

जाळं मात्र ती अजून विणते. सुई चुकत नाही.
लहानपणी तिनेच शिकवलेलं:
जयगडच्या बत्तीवर अंगठा धर,
हा डोळा मीट, आता तो.
अंगठा उडी मारतो ना?
दोन डोळे दोन गोष्टी सांगतात, बाबू,
त्यांच्या भांडणातनं लांबी कळते.
दोन डोळ्यांत अंतर अडीच इंच.
तेवढ्या भांडवलावर मी अख्खी खाडी मोजली.

काल तिकिटं फाडताना बघितलं:
कौलांवरून काजूकडे एक माकडीण झेपावली,
पोटाशी पिल्लू.
वाऱ्यानं फांदी हेलकावत होती.
जिथे फांदी अजून नव्हती
तिथे तिनं हात टाकला,
आणि फांदी आली.

"गेली?" आत्यानं विचारलं.
तिला दिसली ती कौलांवर. मग काजूवर.
"उडी कशी होती, सांग."
मी सांगायला गेलो.
कौलं. काजू.
मधलं काही बोलता येईना.

ती हसली. पायऱ्यांकडे बोट केलं.
सकाळपासून तीन बुडाल्या होत्या.
"हे पाणी चढताना तुला दिसलं?"
नाही.
"रोज इथेच उभा असतोस ना?"

भोंगा झाला. ती वळली नाही.
खांबांवर लाटा चपचपायला लागल्या तसं
मान कलती करून म्हणाली, "दोर धर."

मी हात पुढे केला.
दोर अजून कुणी फेकला नव्हता.