झाकल्याबिगर

शिरोलीत सोमवार म्हणजे भट्टी गार.
शेडमध्ये मी, पंख्याखाली एक कुत्रं,
आणि मगदूम साहेबांचा निरोप :
आलेख उद्या पहिल्या पाळीआधी भिंतीवर पाहिजे.

एकशे वीस हब. प्रत्येकाचा व्यास
आठवडाभर व्हर्नियर लावून वहीत उतरवलेला.
आरमध्ये ठिपके केव्हाच पडले होते,
वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ,
मधल्या पट्ट्यात कारखान्याची अब्रू.

पण पडद्यावरचं भिंतीला चिकटत नाही.
म्हणून पीएनजी उघडली,
रुंदी दहा इंच, उंची सहा,
इंचाला तीनशे. काढ म्हटलं.
पडदा कोरा.
फोल्डरमध्ये फाइल होती, नावासकट,
आणि तिचं वजन शून्य.
पुन्हा चालवलं.
पुन्हा.

बाबालालचाचा सुट्टीलाही येतात.
वाळू चाळायची राहिलीय म्हणतात.
घरी टीव्हीचा आवाज सोसत नाही, हे म्हणत नाहीत.
"काय अडलंय गं?"
चित्र आत गेलंय चाचा, भाईर येईना.
"झाकलंस का?"

सवयीनं विचारलं त्यांनी, डब्याबद्दल विचारावं तसं.
आणि मला आठवली शेवटची ओळ, न लिहिलेली :
डेव्ह डॉट ऑफ, पुढे कंस,
कंसात काही नाही.
तीनदा उघडलं होतं, तीनदा मिटावं लागलं.
नल डिव्हाइस, एक, असं उत्तर आलं,
म्हणजे आता हातात काही उघडं नाही.
फाइल भरली. एकशे चौदा केबी.

"आमचं उलटं हाय," चाचा म्हणाले.
"आमचा साचा फोडल्याबिगर कळत न्हाई,
तुजा झाकल्याबिगर."

चित्र आलं, पण नावं गेली.
आडव्या अक्षाखाली ओतणाऱ्यांची नावं मी मराठीत दिली होती,
तिथं नुसते चौकोन, रिकामे,
रांगेत मांडलेल्या डब्यांसारखे.
फॉन्ट बदलायचा होता, तोवर
त्यांचं बोट काचेवर टेकलं,
खालच्या रेघेच्याही खाली, एका ठिपक्यावर.
"ह्यो माजा."
नाव कुठं दिसतंय, चाचा?
"बुधवार. रस गार झालता, तरी वतला."

अक्षाची खालची हद्द थोडी वर घेतली असती
तर तो ठिपका कागदाबाहेर राहिला असता.
एका आकड्याचं काम.
माझं बोट त्या आकड्यावर होतं,
त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही.
"कर बंद," एवढंच म्हणाले.

फॉन्ट सापडला. नावं आली.
फाइलचं नाव ठेवलं अंतिम, मग अंतिम दोन.

प्रिंटरची लाल शाई सरत आलेली,
रेघा फिक्या गुलाबी उमटल्या, खालची तर जवळजवळ नाहीच.
चाचांनी पॅटर्नवाल्यांच्या खणातली लाल पेन्सिल घेतली,
माझी पट्टी मागितली,
आणि ओढली ती पुन्हा, दाबून,
आपल्या ठिपक्याच्या वरून.