दुसरा डोळा

मी तेव्हा अकरा वर्षांचा. काम रंग घोटायचं.
ताना सरोवरातल्या बेटावर, गोल चर्चच्या आत,
मातीच्या भिंतीला चिकटवलेल्या कापडावर
यितबारक गुरुजी संत काढायचे, घोडे काढायचे,
आणि घोड्यांखाली तुडवले गेलेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला:
भल्या माणसाला दोन डोळे.
दुष्टाला एकच.
म्हणजे दुष्ट नेहमी बाजूनं काढायचा,
नाक एकीकडे, नजर एकीकडे,
उरलेलं तोंड भिंतीत गेलेलं.
का, असं मी विचारलं नाही.
मला वाटलं, भिंतीला माहीत असेल.

त्या वर्षी वधस्तंभाचं चित्र चाललं होतं.
भालेवाल्या शिपायाची जागा रिकामी होती
आणि गुरुजींचा थोरला, जेनेबे, लढाईतून परतला नव्हता.
त्याला कुणी धरून दिलं, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं.
देबाल्के. पलीकडच्या काठावर कोळसा विकायचा.
भुवईवर जुनी खोक, हनुवटी पुढे आलेली.

एका सकाळी शिपायाला ती हनुवटी आली.
मग खोक आली.
मग एक डोळा.
गुरुजी जेवायला उठले नाहीत.
इतकं निरखून त्यांनी कुणाला काढलेलं मी पाहिलं नव्हतं,
मरियेलासुद्धा नाही.

धर्मगुरू आले, कंदील वर धरून म्हणाले,
वा, लगेच ओळखू येतो.
गुरुजींचा हात तिथंच थांबला.

रात्री मी चटईवर, ते दिव्याशी.
मला म्हणाले, की स्वतःला,
देवानं माती हातात घेतली तेव्हा
तो या माणसाच्या कुठल्या बाजूला बसला होता?
बाजूला बसून का कुणी तोंड घडवतं?
समोर बसावं लागतं.
इतकं जवळ, की आपला श्वास त्यात जाईल.

मग बराच वेळ काही नाही.
बाहेर पाणी. कुणाचीतरी लव्हाळ्याची होडी
काठाला घासत होती.

मग म्हणाले,
मी त्याला क्षमा केलेली नाही. नीट ऐक.
उद्या भेटला तर मी थुंकेन.
पण थुंकी माझी. तोंड माझं नाही.
त्या तोंडावर छाप दुसऱ्याची आहे,
ती खरवडायला मला कुणी सांगितलं?

पहाटे त्यांनी दुसरा डोळा काढला.
जागाच नव्हती. नाक आधीच झालेलं,
नाकापलीकडे आभाळाचा निळा वाळून गेलेला.
मग तो डोळा आला अलीकडे, गालावर, कानाजवळ,
बटाट्याला फुटावा तसा, भलत्याच ठिकाणी.
बुबुळासाठी काजळी मीच दिली,
त्याच शिंपल्यातली, जिच्यातून आदल्या आठवड्यात
ख्रिस्ताची बुबुळं भरली होती.
वेगळी घोटू का, मी विचारलं.
ते म्हणाले, काळा एकच असतो.

लोक हसले. अजून हसतात.
धर्मगुरू दोन महिने बोलले नाहीत.
लांबून आलेले यात्रेकरू विचारतात, हा कोण,
भला की वाईट?
मी म्हणतो, शिपाई.

गुरुजी गेले. जेनेबेचं काहीच सापडलं नाही,
एक पट्टासुद्धा नाही.

तिमकतच्या सणाला देबाल्के एकदा आला होता,
म्हातारा, नखांत कोळसा तसाच.
चपला बाहेर काढून भिंतीसमोर उभा राहिला.
गालावरचा तो डोळा हातानं झाकून पाहिला.
हात काढला.
पुन्हा झाकला.
मी कोपऱ्यात कुंचले धूत होतो.
त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.
मी होतो तसाच, एका अंगाला वळलेला,
नाक एकीकडे, नजर एकीकडे.
समोर वळायला मला फार वेळ लागला.