हद्दीपर्यंत

कौन्सिलमधली बाई फोनवर म्हणाली,
हद्दीपर्यंत छाटा, हक्क आहे तुमचा.
पण फांद्या त्यांच्या. फळंही त्यांचीच.
परत न्यायच्यात का, निदान विचारा तरी.

म्हणजे सावली तेवढी माझी,
पन्हळीत कुजलेली पानं माझी,
आणि वाळत घातलेल्या चादरीवर
कबुतरांनी केलेली सही.

स्टॉकपोर्टच्या बाजारातून करवत आणली.
कुंपणावर दोरी ताणली, शिडी लावली.
बांध कोरणाऱ्यांच्या गावचा मी,
म्हणून जरा जास्तच सांभाळून.
नाशपातीची फांदी इकडे अशी वाकलेली,
जणू विरजण मागायला आलीय.

तीन फांद्या पडल्या. सुतळीनं मोळी बांधली,
पिशवीत अकरा नाशपात्या, मोजून,
आणि मिस्टर एंट्विसलची बेल वाजवली.

मोळीकडे बघितलं त्यानं, माझ्याकडे, परत मोळीकडे.
"डोरीननं लावलं होतं," म्हणाला. "एकोणऐंशी साली."
बस्स.
भांडला असता तर बरं झालं असतं.
लाकडं घेतली. पिशवी माझ्याच हातात ठेवली.
"कच्च्या आहेत. कागदात गुंडाळून कपाटात ठेव.
आठवड्यानं देठापाशी दाबून बघ."

आज नववा दिवस. दाबून बघतो.
देठापाशी अजून टणकच.
ऊन थेट स्वयंपाकघरात शिरलंय,
ओट्यावरचा एकेक डाग दाखवत,
आणि माझी नेहमीची खुर्ची
कुठे सरकवावी
कळत नाहीये.