डाग

डब्यात तीन हजार एकशे चाळीस रुपये.
नाताळात शेजारून आला तेव्हा त्यात दोदोल होता,
नोटांना अजून गुळाचा वास येतो.
चवथीला एकवीस दिवस,
आणि डिचोली बाजारामागच्या माझ्या खोपटात
अकरा मिक्सर, दोन ॲम्प्लिफायर,
कुणाच्या तरी मखराच्या माळांचा गुंता,
भजनी मंडळाचा एक माइक
जो पखवाज सुरू झाला की गप्प होतो.

जुनं आयर्न पंचवीस वॅटचं.
त्याला कमी तापणं माहीत, नाहीतर जास्त.
परवा एका रिमोटच्या बोर्डावरचं तांबं
सायीसारखं सोलून वर आलं.
गिऱ्हाईक म्हणालं, असू दे बाय.
त्या असू दे-चे साडेचारशे मी भरले.

आई म्हणाली, एखादा डाग मोडू या का?
मला हसू आलं.
पपा गळक्या हंड्याला लावायचे तोही डागच,
आणि माझ्या ओढणीवर फ्लक्सचे आहेत ते.
गळ्यातला राहू दे, म्हटलं.

म्हापशाला गेले, मुद्दाम शुक्रवार टाळून.
अनिसेत बाबांनी काउंटरवर तीन स्टेशनं मांडली.
एक सात हजार चारशेचं.
त्याच्याकडे नीट बघितलंच नाही,
काही वस्तूंकडे बघायलाही पैसे लागतात.
दुसरं एकोणतीसशेचं, निळ्या आकड्यांचं,
आठ सेकंदांत साडेतीनशे.
तिसऱ्याला आकडाच नव्हता,
एक बटण, भोवती पांढरे ठिपके,
आत ट्रान्सफॉर्मर, सोललेल्या नारळाएवढा जड.
बावीसशे पन्नास.

पिशवीतून मेलेल्या ॲम्प्लिफायरचा बोर्ड काढला,
त्यावरचा सगळ्यात जाड सांधा दाखवला.
निळ्याचं टोक टेकवलं.
आकडा साडेतीनशेवरून हलला नाही,
कथील मात्र थंडीतल्या तुपासारखं रवाळ झालं.
आकडा खोटं बोलत नसेल.
टोकाशी काय चाललंय
ते त्याला कुणी कळवलंच नसेल.

मग बिनआकड्याचं.
ते जरा थबकलं,
आणि कथील पायाभोवती सरसर पळालं, उजळ.

पपा असेच बसायचे, तपेलं तिरकं धरून,
नवसागराच्या पांढऱ्या धुरात डोळे बारीक करून.
आच किती झाली, कसं कळतं?
विचारलं की म्हणायचे, भांड्याला विचार.

आठशे नव्वद उरले.
दोन चपटी टोकं, तीनशे वीस.
चांगल्या कथलाचं रीळ, चारशे दहा.
बाबा स्टेशन खोक्यात घालता घालता म्हणाले,
अर्थिंग आसा मगे तुगेर?
आसा, म्हटलं.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
मी हिरवी तारही मागितली.

खरं तर माझ्या प्लगचं तिसरं भोक
निव्वळ दाखवायला आहे.
रविवारी खोपटामागे खड्डा खणला,
छातीएवढा, दोन दिवसांचं काम एका दिवसात.
पपांच्या भट्टीचा कोळसा एका गोणीत होता,
आई तो कधीच देत नव्हती, जाळतही नव्हती.
या वेळी तिनेच ओढत आणला.
एक थर कोळसा, एक थर आगरातलं मीठ,
मध्ये फुटक्या हंड्याचा तांब्याचा बूड,
त्याच्या कडेवर पपांचा एक डाग,
अजून धरून असलेला.
तिथेच तार बांधली.

सोमवारी माइक उघडला.
एक सांधा कोरडा,
दिसायला धड, हादरा बसला की सुटणारा.
तीन सेकंदांचं काम.

तपासायला पखवाज नव्हता.
टेबलावर बोटांनी धुमाळी धरली.
आई दारातून म्हणाली, जरा जोरात.