कोणत्या महिन्याचा नकाशा

बसऱ्याच्या कॉलेजात सर म्हणाले,
आपापल्या घराचा नकाशा काढून आणा.
मी विचारलं, कोणत्या महिन्याचा?
वर्ग हसला.
मी चेष्टा केली नव्हती.

मार्चात आमचं घर बेटावर असतं.
एप्रिल सरता सरता पाणी उंबऱ्याशी येऊन बसतं,
मग आई, मद्लूला तिचं नाव,
विळ्याने बोरू कापून आणते,
अंथरते, तुडवते, त्यावर पुन्हा अंथरते.
जमीन वीतभर उंच होते.
म्हशी कुरकुरत एक पायरी वर येतात.
जोत्याची उंची, असा एक रकाना आहे तक्त्यात.
तिथे काय लिहू? आईला विचारा?

ऑगस्टात भिंती गुडघ्यापर्यंत गुंडाळतो,
चिखलात उतरणारी बाई ओचा खोचते तशा.
वारा खालून शिरतो,
निजलेल्यांना ओलांडून
पलीकडच्या जाळीतून निघून जातो.
जानेवारीत त्याच भिंती खाली सोडतो,
वर जुन्या चटयांचा आणखी एक पदर,
आणि धुरासाठी विचारूनही जागा राहत नाही.

बाबा, चासिब. टेप वापरत नाही.
हात पसरतो, एवढं म्हणतो, तेवढं होतं.
बोरूच्या पेंढ्या, बुंध्याशी मिठीत न मावणाऱ्या,
शेंड्याशी मनगटाएवढ्या,
खड्ड्यात रोवतो त्या बाहेर कलत्या.
आधी बाहेर झुकू दे, म्हणतो, मग आत ओढ.
पहिल्यापासून वाकलेला भार घेत नाही.
मग समोरासमोरच्या दोघी
माथ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडतात
आणि कमान होते.
कमानी नेहमी विषम. का, असं विचारलं
की बाबा खाकरतो आणि दोरी मागतो.

खिळा एक नाही. गाठी सगळ्या सुरगाठी.
निरगाठीचं घर पाण्याशी भांडत बसतं, म्हणतो,
आणि पाणी काही भांडायला आलेलं नसतं,
राहायला आलेलं असतं.
मी सहा वर्षांची असताना एका सकाळी घर सोडलं,
अक्षरशः सोडलं, गाठ गाठ करून,
होड्यांत घातलं,
तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बेटावर त्याच घरात जेवलो.
मागे राहिली चुलीची राख
आणि जबारकाकांची एक चप्पल,
जिच्यावरून अजून बोलणं होतं.

काकांनी नंतर योजनेतली खोली घेतली. सिमेंटची.
दुपारी तिच्यात म्हैससुद्धा जात नाही.
काका बाहेर झोपतात,
आत सिलिंडर आणि लग्नातला सोफा.

आजोबांच्या वेळी अकरा कमानी होत्या.
माझ्या जन्माच्या वर्षी नऊ.
मग वरून पाणी कमी यायला लागलं,
जे आलं ते खारट,
बोरू माणसाच्या खांद्याशी येऊन थांबायला लागला.
सात.
गेल्या हिवाळ्यात बाबाचा फोन: पाच केल्या.
घर लहान केलंत?
नाही गं, पाणी लहान झालं,
घराने फक्त ऐकलं.

इतकी वर्षं मी अभिमानाने सांगत आले,
आमचं घर सगळ्यांचं ऐकतं,
वाऱ्याचं, पुराचं, पाहुण्यांच्या संख्येचं.
ऐकता ऐकता ते किती लहान होऊ शकतं
हे कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

शेवटी पाच कमानी शाईने काढल्या,
दोन तुटक रेषांनी.
सरांनी पेन्सिलीने विचारलं, या कशाच्या?
प्रमाण लिहिलं नव्हतं म्हणून दोन मार्क कापले.

ते खड्डे आहेत, सर.
बाबाने बुजवले नाहीत.
वासराचा पाय जाऊ नये म्हणून
आई रोज संध्याकाळी त्यांवर पराती उपड्या घालते,
सकाळी उचलते,
आणि कोपरापर्यंत हात घालून पाहते,
तळाशी ओल आहे का.