भिंतीच्या गाद्या

शिरोलीतल्या बंद फाउंड्रीत
हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं,
तेव्हा भिंतीच्या गाद्यांचं काम मला मिळालं.
बहात्तर गाद्या. सगळ्या उभ्या.
आम्ही नदाफांनी तीन पिढ्या
माणसानं झोपावं म्हणून कापूस भरला,
आदळावं म्हणून कधी नाही.
बायको म्हणाली, पैसे आधी घ्या.
मी निम्मे घेतले.

पेठेतली पोरं हसली.
आता आम्हाला फुटबॉल शिकवणार व्हय ही?
आणि तोही हातात धरून पळायचा,
दोन्हीकडं टोक, सोललेल्या नारळागत!
पण पगार आहे म्हटल्यावर
तालमीतनं सातजण आले,
कान मोडलेले, मान नसलेले.
त्यातला एक वडणग्याचा इंद्रजित खाडे.
मातीत पाठ टेकली की संपलं,
इथं चार वेळा पडायची मुभा,
तेवढ्यात दहा यार्ड सरकायचं.
हे त्याला फार आवडलं.
'चाचा, चीत झालो तरी कुस्ती चालूच की!'

संघाचं नाव करवीर गवे.
ओहायोचा वेन कोच
मराठीतला एकच शब्द शिकला: परत.
पहाटे सहाला परत.
दुपारी पत्रा तापला की परत.

मैदान इवलंसं, पन्नास यार्डांचं.
रेषेबाहेर पळायला जागाच नाही,
जो तो शेवटी माझ्या कापसावर यायचा.
मी मागं बसायचो, दाभण आणि दोरा घेऊन.
खांदा आदळला तर धप्प,
हेल्मेट आदळलं तर आधी टाका उसवल्याचा आवाज.
सव्वीस नंबरची गादी इंद्रजितची.
एप्रिलपर्यंत तिथं त्याच्या मापाचा खड्डा पडला,
मी तो भरला नाही.

पहिले तीन हरलो. मग हैदराबादला जिंकलो,
ते कुणी पाहिलंच नाही.
घरच्या मैदानात सुरतेला
अठ्ठेचाळीस-एक्केचाळीस,
त्या रात्री हलगी घुमली,
गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेले धरून
हसणारी पोरंच आम्हाला नियम समजावत होती.

आठवा सामना इंदूरशी.
तिसरा डाव, सहा यार्ड बाकी,
आणि दिवे गेले.
वीज आधीच तोडलेली,
जनरेटरचं डिझेल संपलेलं,
हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.
त्या वेळी फक्त अंधार,
दोन्हीकडचे सोळा जण बोटं गवतात रोवून तसेच,
धापा तेवढ्या ऐकू येत होत्या.
बऱ्याच वेळानं वेन म्हणाला, परत,
पण विचारल्यासारखं.

मालकाचा फोन लागेना.
हेल्मेटं लॉजवाल्यानं बिलापोटी ठेवून घेतली.
वेनचे तेरा नंबरचे बूट मागं राहिले,
कुणाच्याच पायाला होईनात.
मी टेम्पो करून गाद्या आणल्या,
माझे राहिलेले निम्मे.
उसवल्या तर आतून फाउंड्रीची काळी रेती पडली,
चिकटपट्टीचे तुकडे,
एका शिवणीत अडकलेलं अर्धं नख.
एकेक पिंजून विकल्या. लग्नसराई होती.
सव्वीस नंबर तेवढी माळ्यावर.

दिवाळीच्या आधी इंद्रजित आला.
आता दूध संघात कॅन चढवतो.
वडिलांची कंबर गेलीय म्हणाला,
'कापूस जुना असू दे, पण मऊ भरा.'
मी माळ्याकडं पाहिलं, बोललो काही नाही.
त्या कापसाच्या गाठी एका पिंजणीत सुटेनात.
परत घातला यंत्रात.
नवा गादीपाट, निळ्या पट्ट्यांचा.
मी निम्मेच पैसे घेतले.

त्यानं गादीची वळकटी काखेत मारली
आणि निघाला.
गल्लीत रिक्षा आडवी, पुढं म्हैस आडवी,
एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत अंगावर.
त्यानं खांदा पाडला,
आणि मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून
यार्ड मोजायला लागलो.
कोपऱ्यापर्यंत अकरा भरले.